शनीवर आष्टीचा पूल नाही

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला शहाणी समजणार नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी आलापल्लीला बहिणीकडे गेले होते आणि एस.टी.ने गोंडपिपरीला परत येत होते. पायाशी लोणच्याच्या कैऱ्यांचं पोतं, मांडीवर चारोळीची पिशवी, आणि वर सामानाच्या फळीवर गुंडाळी केलेला एक नकाशा. उतरताना पोतं उतरवलं, पिशवी उतरवली, पोत्यातून एक कैरी घरंगळत ड्रायव्हरपर्यंत गेली तर तीही वाकून आणली. नकाशा फळीवरच राहिला आणि गाडीबरोबर चंद्रपूरला गेला. विसरणं कोणाच्याही हातून होतं, त्याला मी मूर्खपणा म्हणत नाही. मूर्खपणा त्या नकाशावर होता. नकाशा आमच्याच मुलखाचा. वैनगंगा, प्राणहिता, डोंगर, जंगलातल्या पायवाटा, सगळं जिथल्या तिथे. आणि त्यावर लाल शाईने, माझ्या ठसठशीत मास्तरणीच्या अक्षरात: ‘इथे रसद लपवली आहे.’ एक मोठा बाण, त्याखाली ‘पहाटे हल्ला.’ आणि नदीवर, ‘बाईंची सेना पलीकडे उतरली की आष्टीचा पूल उडवावा.’

त्या दिवसांत गडचिरोलीच्या जंगलाकडून येणाऱ्या गाडीत असा कागद सापडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की जंगलात बंदुका घेतलेली माणसं होती, त्यांना शोधणारे पोलीस होते, आणि बाकी सगळे आम्ही मधात होतो. तो नकाशा मात्र एका खेळाचा होता. हिरडे आणि गुंजा मांडून खेळायच्या खेळाचा. खालच्या कोपऱ्यात ज्याने तो काढला त्याचं नाव होतं, मधुकर, आडनावासकट, छापल्यासारख्या अक्षरात. माझं नाव कुठेच नव्हतं. आणि मी काय केलं? डेपोत जाऊन विचारलं? नाही. मधुभाऊंना सांगितलं की तुमचा नकाशा उंदरांनी कुरतडला. ते म्हणाले, ‘बरं, दुसरा काढतो.’ मागच्या महिन्यात मधुभाऊ गेले. माझे उंदीर त्यांनी शेवटपर्यंत खोडून काढले नाहीत.

बातमी आली तेव्हा मी ओसरीवर नातीशी पत्ते खेळत होते आणि तिला फसवत होते. बदामचा राजा मांडीखाली दाबलेला. शेजारच्या कमलने फाटकातूनच सांगितलं, ‘बाई, मधुभाऊ गेले. सकाळीच. चहा मांगितला अन् घेतलाच नाई.’ मी ‘बरं’ म्हटलं, राजा काढला आणि डाव जिंकला. नात म्हणाली, ‘आजी, तू रडून राह्यली काय?’ मी म्हटलं, ‘नाई, जिंकून राह्यली.’ तिने पत्ते फेकून दिले. बरोबरच होतं तिचं...

शोकसभेत लोक बोलले ते ऐकून मला वाटलं की मी चुकीच्या माणसाच्या शोकसभेत आले. मृदू स्वभाव. कोणाला दुखावलं नाही. एकाने तर ‘अजातशत्रू’ म्हटलं, आणि मागच्या रांगेत मला ठसका लागला, कारण त्यांचा शत्रू तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत पदर सावरून बसला होता. मी लिहिते आहे ते म्हणूनच. मृदू वगैरे काही नव्हते. मधुभाऊ खडूस होते. एका सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे, तीस वर्षं तेच केलं, आणि त्यामुळे जगातली प्रत्येक वाकडी रेघ आपल्याला चिडवायला काढली आहे असं त्यांना वाटे. तुम्ही पेन्सिल हातात घेतली की ते ती काढून घ्यायचे, टोक करून परत द्यायचे. त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवायची प्राज्ञा नव्हती. आमची ओळखच भांडणाने झाली. मी सातवीला इतिहास-भूगोल शिकवत होते, ते कशासाठीतरी शाळेत आले, खिडकीतून फळ्याकडे पाहिलं आणि वर्ग चालू असताना आत आले. पोरांसमोर म्हणाले, ‘बाई, तुमची गोदावरी समुद्राले जाऊन नाई राह्यली, ते परत नाशिकले चालली.’ आणि खडू घेऊन माझी गोदावरी पुसली. पोरं हसली. मी तेव्हा पस्तिशीची होते, नाकावर माशी बसू न देणारी. त्यांना वर्गाबाहेर काढलं. त्या संध्याकाळी ते घरी आले ते माफी मागायला नाही, गोदावरीचा खरा नकाशा घेऊन.

त्याच भांडणातून तो खेळ निघाला. मी म्हणाले होते, नकाशे सगळे मेलेले असतात, त्यात माणसं कुठे आहेत? महिन्याभराने त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. मधोमध चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, कोट, भोवती नद्या, गड, जंगल. हिरडे म्हणजे गड, बिब्बे म्हणजे हत्ती, लाल आणि काळ्या गुंजा म्हणजे दोन बाजूंचे शिपाई. फाशांऐवजी चार अर्धे फोडलेले चिंचोके. नाव ‘गडसत्ता’. पहिला भाग गोंडराजांचा. दोन-तीन वर्षांनी दुसरा भाग काढला, भोसल्यांच्या फौजेचा. मग तिसरा, इंग्रजांचा. आयता नकाशा कोणालाही मिळत नसे. खेळायचं तर आपल्या हाताने उतरवून घ्या, हा त्यांचा नियम. मूल, चिमूर, आलापल्ली अशा गावांकडची माणसं त्यांच्या ओट्यावर बसून पातळ कागदावर नद्या गिरवताना मी पाहिली आहेत. मला मात्र नदी काढता येईना, म्हणून तिसऱ्या भागाचा स्वतःचा नकाशा त्यांनी मला दिला होता. तोच मी विसरले.

आणि या खेळाचं वेड आम्हाला कशामुळे लागलं तर पावसाळ्यामुळे. दर आठ खेळ्यांनंतर चार खेळ्या पावसाळा. त्या चार खेळ्यांत कोणाचीही फौज वैनगंगा किंवा प्राणहिता ओलांडू शकत नाही. अलीकडे अडकलात तर अडकलात, आहे त्या धान्यावर जगा. चांगले चांगले सेनापती त्या चार खेळ्यांत उपाशी मेले. आमच्या गावचे डोंगरे कंपाउंडर पावसाळा तोंडावर आला की पेशंटला थांबवून घरी पळत, कारण त्यांचे हत्ती नदीपलीकडे असायचे. डाव मधेच सोडावा लागला तर कोणाची सेना कुठे आहे आणि पुढे काय करायचं ठरवलं आहे हे नकाशावरच लिहून ठेवायची पद्धत होती. आलापल्लीला मी आणि तिकडचे माझे खेळगडी आत्राम गुरुजी तसाच अर्धा डाव सोडून उठलो होतो. पूल उडवायचा बेत माझा. रसद लपवली ती गुरुजींनी, आणि लिहिलं मी, कारण मला त्यांचा गनिमी कावा मोडायचा होता.

एस.टी.तल्या त्या प्रकारानंतर काही दिवस मधुभाऊ दिसले नाहीत. वैनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दारातूनच सांगितलं की ते दौऱ्यावर आहेत. नकाशे काढणाऱ्याला कसला दौरा, असं मला वाटलं नाही. पुढे कळलं की कचेरीत त्यांना नकाशाच्या टेबलावरून उठवून टपालाच्या नोंदी करायला बसवलं. ते म्हणाले, डोळे अधू झाले, बारीक रेघ दिसत नाही. तेही मी मान्य करून टाकलं. दुसऱ्याच्या घरी काय चाललं आहे हे खिडकीतून ओळखणारी बाई मी, पण जिथे माझा संबंध होता तिथे मला काही दिसलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना बोलावलं. चौथा भाग तयार आहे म्हणून. शाळेच्या हॉलात तीसेक माणसं जमली. आम्ही पैजा लावल्या होत्या की चौथा भाग कशाचा, संस्थानांचा की बेचाळीसचा. चिमूरवाले बेचाळीसच्या बाजूने घसा कोरडा करत होते. मधुभाऊंनी चार मोठे कागद उलगडले. गर्द निळी शाई सपाट फासलेली आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके, वर्तुळं, वळसे. नदी नाही. डोंगर नाही. ओळखीचं एक नाव नाही. शनी, गुरू, शुक्र, आणि काही गोळे ज्यांना नावंच नव्हती. खाली बसून त्यांनी शांतपणे नियम सांगितले. पावसाळा काढून टाकला होता. त्याऐवजी एक नवीन नियम होता, निरोपाचा. आपल्या दूरच्या सेनेला हुकूम द्यायचा तर चिठ्ठी लिहून पाकिटात घालायची, आणि जितकं अंतर तितक्या खेळ्या झाल्यावरच ते पाकीट फोडायचं. तोवर तिकडे काय झालं ते तुम्हाला कळणार नाही आणि तुमच्या मनात काय आहे ते तिकडे कळणार नाही.

डोंगरे उठले. ‘मंग हा खेळ होय का टपालखातं होय?’ लोक हसले, आणि मग भांडण पेटलं ते तीन तास. कोणी म्हणे आमचे बिब्बे तिथे उडणार कसे. कोणी म्हणे धान्य कोण पिकवतो. मूलच्या एका शिक्षकाने विचारलं की जिथे कोणी राहतच नाही ती जागा जिंकून करायचं काय. डोंगऱ्यांनी कोपरा तपासला आणि ओरडले, ‘नाव काऊन नाई टाकलं खाली? लाज वाटून राह्यली काय?’ खरंच नाव नव्हतं. मधुभाऊ पेन्सिलचं टोक करत बसले.

सगळ्यात जास्त मी बोलले. हॉल माझ्या शाळेचा, जीभ माझी. मी म्हणाले की आपल्या मुलखाचं नाव कोणत्याही पाठ्यपुस्तकात धड नाही. सातवीच्या पोरांना पुण्याचे वाडे पाठ आहेत आणि चांद्याचा कोट कोणी बांधला हे विचारलं तर खाली पाहतात. एकच खेळ होता ज्यात आपल्या नद्या होत्या, आपला पावसाळा होता, आपली गावं नावानिशी होती, आणि तोही मधुभाऊंनी शनीला देऊन टाकला. आजही मला वाटतं की ते बोलणं खोटं नव्हतं. टाळ्या पडल्या. मग आत्राम गुरुजी उभे राहिले. शांत माणूस, एटापल्लीकडच्या शाळेत शिकवायचे, गोंडराजांची निम्मी माहिती मधुभाऊंनी त्यांच्याकडूनच घेतली होती. ते म्हणाले, ‘बाई, पहिल्या भागात आम्ही राजे होतो. दुसऱ्यात हरलेले राजे. तिसऱ्यात जंगलात लपलेले. चौथा भाग जमिनीवरच काढला तं आम्ही त्याच्यात काय असू, तेही सांगून टाका. वर कोणाचंच जंगल नाई. एक डाव सगळ्याईले सोबतच सुरू करू द्या.’

मी हरत होते, आणि हरताना मी काय करते हे आता माझ्या नातीलाही माहीत आहे. मी मांडीखालचं पान काढलं. म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही उगाच अर्थ शोधू नका. मधुभाऊंचे डोळे गेले. त्यांना आता गोंडपिपरी दिसत नाही, शनी दिसतो.’ छप्पर उडेल असे लोक हसले. मधुभाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘बाई, शनीवर आष्टीचा पूल नाई.’

यावर लोक आणखी हसले, कारण वाक्याला डोकं ना शेपूट. सगळ्यात मोठ्याने मी हसले. ज्या हाताने ‘आष्टीचा पूल उडवावा’ असं लाल शाईने लिहिलं, तोच हात तोंडावर धरून. मला काही आठवलं नाही, वाचक हो. उंदरांची गोष्ट मी इतक्या लोकांना सांगितली होती की मला ते उंदीर दिसायला लागले होते. पुढे कितीतरी वर्षं ते वाक्य मी विनोद म्हणून सांगत असे. भाजी खारट झाली तरी मी म्हणायची, शनीवर आष्टीचा पूल नाही.

त्या दिवसापासून दोन पक्ष पडले, जमीनवाले आणि आकाशवाले. कोणाला वाटेल, एका कागदी खेळावरून मोठी माणसं किती भांडतील? दहा वर्षं. पोस्टकार्डांवर भांडलो, कारण फोन मोजक्या घरी होते आणि पोस्टकार्ड सगळ्यांना वाचता येतं. मी दर शनिवारी एक कार्ड टाकत असे, कधी मूलला, कधी चिमूरला. ‘शनीवरचा शेतसारा किती?’ असं एका कार्डावर लिहिलं होतं. दुसऱ्यावर ‘गुरू ग्रहावर गोंडपिपरीची एस.टी. किती वाजता लागते?’ आमच्या पोस्टमनने ती सगळी वाचली. तो स्वतः जमीनवाला होता, आकाशवाल्यांची कार्डं मुद्दाम उशिरा टाकत असे, आणि मी त्याला त्यासाठी संक्रांतीला जास्तीचे लाडू देत असे. हेही कबूल करते. खरा चौथा भाग मीच काढते म्हणून मी संस्थानांचा नकाशा काढायला बसले. माझी वैनगंगा डोंगर चढून गेली. तीन रविवार लोक माझ्या घरी आले, पोहे खाल्ले, नदीकडे पाहिलं. चौथ्या रविवारी कोणी आलं नाही. डोंगरे तर सरळ आकाशवाल्यांकडे गेले, आणि मी त्यांच्या दवाखान्यात जाणं बंद केलं. ताप आला तर अंगावर काढला.

आकाशवाले म्हणजे पाच-सहा माणसं. आत्राम गुरुजी महिन्यातून एकदा बसने यायचे. मधुभाऊंच्या ओट्यावर निळे कागद पसरलेले असायचे, पाकिटं एकावर एक रचलेली, आणि माणसं काही न बोलता तासन्‌तास बसलेली. रस्त्यावरून जाताना मी पलीकडच्या कडेने जायची आणि मुद्दाम खोकायची. कोणी वर पाहत नसे. मला सगळ्यात राग त्याचाच यायचा.

मग दोन वर्षांपूर्वी आत्राम गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या सत्काराला मी आलापल्लीला गेले. जेवताना गुरुजी शेजारी बसले. मी सवयीने तोच विनोद केला, शनीवर आष्टीचा पूल नाही. गुरुजींनी घास खाली ठेवला. म्हणाले, ‘बाई, तुम्हाले अजून नाई माहीत?’ आणि मग त्यांनी सांगितलं. फळीवरचा नकाशा कंडक्टरला सापडला, डेपोत गेला, तिथून ठाण्यात गेला. खाली नाव होतंच. मधुभाऊंना चार दिवस सकाळी बोलवत आणि संध्याकाळी सोडत. खेळगडी म्हणून गुरुजींनाही एक दिवस बोलावलं होतं. पोलिसांनी हात लावला नाही, त्यांचं काम ते करत होते. हा खेळ आहे हे त्यांना पटायला वेळ लागला एवढंच. वैनींनी हिरडे आणि गुंजांची पिशवी नेऊन दिली तेव्हा एका साहेबाला पटलं. पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं, नाव तुमचं आहे, हे लाल अक्षर कोणाचं? मधुभाऊ म्हणाले, माझंच. त्यांनी कागद पुढे केला, लिहून दाखवा. आणि मधुभाऊंनी, ज्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं त्या माणसाने, तिथे बसून माझ्या अक्षरात लिहून दाखवलं. ‘आष्टीचा पूल उडवावा.’ हुबेहूब. बाहेर आल्यावर गुरुजींनी विचारलं होतं, बाईचं नाव काऊन नाई घेतलं? मधुभाऊ म्हणाले होते, ‘नाव कायले घ्या लागते? तिच्या अक्षराले वळण नाई. कोणालेही काढता येते.’

ठाण्यात त्यांनी एक कागद लिहून दिला होता. या मुलखाचा नकाशा यापुढे खेळासाठी घरी काढणार नाही. त्यावर सही. कचेरीतलं टेबल गेलं ते त्यातूनच. डोळ्यांना काही झालं नव्हतं. ज्या माणसाला नकाशाशिवाय दुसरं काही करता येत नाही, त्याने आपला मुलूख काढायचा नाही म्हटल्यावर उरतं काय? वर पाहिलं त्यांनी... आणि मी हॉलभर लोकांसमोर त्यावर हसले. माझ्या पंक्तीत जिलेबी वाढत होते. मी दोन घेतल्या, काहीतरी करायला पाहिजे म्हणून.

परत येताना बसमध्ये मी वाक्य तयार केलं. गोंडपिपरी येईपर्यंत ते पाठ झालं होतं. ‘मधुभाऊ, उंदीर नव्हते.’ तीन शब्द. त्यांना हे सांगायचं एवढंच काम होतं, आणि ते त्यांना सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. मग अमावस्या होती. मग नातू झाला, मग वैनींचे गुडघे दुखत होते, आजारी घरी कशाला त्रास द्यायचा. मग वाटलं की इतक्या उशिरा सांगणं म्हणजे त्यांनाच लाजवणं. बघा, शाळेत पोरांची कारणं ऐकून ऐकून माझ्याकडे किती साठा झाला होता. पंचेचाळिशीतली ती मूर्ख बाई निदान काही जाणत नव्हती. मी सगळं जाणून दोन वर्षं घरात बसले. या दोघींत कोणाला जास्त हसावं हे तुम्हीच ठरवा.

शेवटचे भेटले ते बाजारात. ते वांगी निवडत होते, एकेक उचलून उन्हाकडे धरून पाहत होते, जणू वांग्यावरही नदी असते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बारा वर्षांत इतक्या जवळ आले नव्हते. त्यांनी पाहिलं. वाक्य तोंडात आलं होतं. मी म्हणाले, ‘वांगी किडकी आहेत.’ त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मागच्या अंगणात वैनी सांडगे घालत होत्या. खाली अंथरलेले ते चार निळे कागद. शनी, गुरू आणि ते बिननावाचे गोळे, आणि त्यांच्यावर ओळीने मुगाचे पांढरे सांडगे, उन्हात वाळत. मी पाहत राहिले तर म्हणाल्या, ‘कागद जाड हाय. चिकटत नाई.’ बस म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न हसवता बोलले. फळीवरचा नकाशा सांगितला. उंदीर सांगितले. हॉलातलं बोलणं सांगितलं, गुरुजींनी काय सांगितलं ते सांगितलं, आणि दोन वर्षं आले नाही तेही सांगितलं. म्हटलं, वैनी, मला माफ करा. त्यांनी सांडग्यांची एक पूर्ण ओळ घातली. हात पाण्यात बुडवला, झटकला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘मले नका मांगू माफी, बाई. मले तुमच्या खेळातलं काही समजत नाई. तुमची बस चांद्यापावेतो गेली, तो नकाशा ठाण्यापावेतो गेला, हे कागद शनीपावेतो गेले. तुमच्या घरून आमच्या घरी याले किती वेळ लागते, तेवढं सांगा मले.’